हवापालट, पण शेजार तपासून

कुटुंबकबिला मुंबईबाहेर हलवायचा म्हटलं की नातेवाईकांना एकदम निसर्ग आठवतो. मिरा रोडला जाताय? वा! एका बाजूला संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, घोडबंदरचा किल्ला, रविवारी उत्तनचा समुद्र. पोरांची फुप्फुसं धुऊन निघतील! मिरा रोडला नेमकं कुठे? नया नगर. मग फोनवर खाकरणं. काकू हळूच विचारतात, "तिकडे आपले लोक आहेत ना गं?" घोडबंदरचा किल्ला तेवढ्यात कुठेतरी लुप्त होतो.

नया नगर मुस्लिमबहुल आहे, खरं. १९९२-९३च्या दंगलींनंतर मुंबईतली कितीतरी मुस्लिम कुटुंबं मिरा रोडला आली. ती काही ट्रेकिंगच्या हौसेनं नव्हे. पण काकूंच्या लक्षात फक्त तिथली जानेवारी २०२४ची दगडफेक आणि नंतर बांधकामांवर चाललेले बुलडोझर. अधल्यामधल्या वर्षांत लोकांनी तिथं भाजी आणली, पोरांना शाळेत सोडलं, विरार लोकलला लोंबकळत काम गाठलं, ही काही बातमी होत नाही.

बरं, 'आपल्या' लोकांत जावं, तर तिथला दलाल पहिल्यांदा ताट तपासतो: मासे खाता का? याच मिरा-भाईंदरच्या महापालिकेनं २०१५ साली जैनांच्या पर्युषणात आठ दिवस मांसविक्रीवर बंदी जाहीर केली होती. नया नगरात निदान बोंबलाच्या वासावरून मालक घर नाकारणार नाही.

तेव्हा घर बघायला जाल तर पाणी किती वेळ येतं ते आधी विचारा. शेजाऱ्याचा धर्म दलाल न विचारताच सांगतो.