रिजेनवादी

विजेवर चालणाऱ्या दुचाकीस्वारांतली जी उपजात ब्रेक दाबण्याला उधळपट्टी समजते, ती रिजेनवादी. तिचा आढळ पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या परिसरात विशेष. वय चाळिशीच्या पुढे, हेल्मेट असते, नजर रस्त्यावर कमी आणि डिस्प्लेवर जास्त. रेस सोडल्यावर तिथली पट्टी हिरवी झाली की गृहस्थाचा चेहरा व्याज जमा झाल्यासारखा खुलतो.

या जातीचा पूर्वज बजाज चेतक चालवत असे. उतार दिसला की तो इंजिन बंद करी, गाडी न्यूट्रलमध्ये टाकी आणि पुढच्या चढापर्यंत नुसती सोडून देई. वाचलेल्या पेट्रोलचा हिशोब रात्री जेवताना घरातल्यांना ऐकावा लागे. तेच नाव २०२० साली विजेच्या स्कूटरवर परत आले आणि वंशजाची महत्त्वाकांक्षा वाढली. पूर्वज नुसता वाचवत होता, याला आता कमवायचे होते.

रिजेन, म्हणजे रिजनरेटिव्ह ब्रेकिंग, यातून ही कमाई होते कशी, हे रिजेनवादी कोणालाही थांबवून समजावतो आणि अर्धे बरोबर सांगतो. मोटरच्या फिरत्या भागात कायमचे चुंबक असतात, स्थिर भागात तांब्याच्या तारांची वेटोळी. रेस दिली की बॅटरीची वीज वेटोळ्यांत जाते आणि चुंबकांना फिरवते. रेस सोडली की चाक उलट मोटरला फिरवू लागते. वेटोळ्यांसमोरून चुंबक धावतात, त्यांत विद्युतदाब निर्माण होतो, आणि कंट्रोलर तीन फेजची ही वीज एकदिश करून बॅटरीत घालतो. फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलेले तत्त्व ते हेच. दाब बॅटरीपेक्षा कमी पडत असेल, तर कंट्रोलर आपले स्विच सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करून तो चढवतो. इथवर त्याचे बरोबर असते. राहते ते एवढेच, की वीज काढून घेतली म्हणूनच चाक अडते. ब्रेक आणि वीज या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, त्यामुळे फुकट असे इथे काही नाही.

जहाल आणि मवाळ असे दोन्ही पंथ या जातीत आहेत. मवाळ रिजेन सौम्य ठेवतो. जहाल सगळ्यांत कडक पातळी लावून दोन्ही ब्रेक शोभेचे समजतो. त्याच्या सोयीसाठी कंपन्यांनीही बरेच केले आहे. अल्ट्राव्हायोलेटच्या एफ७७ मॅक २ या मोटारसायकलला रिजेनच्या दहा पातळ्या आहेत, तर एथरच्या ४५० अपेक्सवर मूठ उलटी पिळून गाडी हळू करता येते. जहालांतला अतिजहाल पुढच्या चाकाला डायनॅमो बसवून चार्जिंगच कायमचे बंद करण्याच्या विचारात असतो. त्याच्याशी वाद घालू नये, त्याचा भाचा इंजिनिअर असतो.

हिशोब मात्र निर्दयी आहे. स्कूटर आणि स्वार मिळून दोनशे किलो धरू. ताशी ४५ किलोमीटर वेगाला या वजनाची गतिज ऊर्जा साधारण ४.३ वॉट-अवर भरते. मोटर, कंट्रोलर आणि बॅटरी यांनी आपापला वाटा कापून साठ टक्के परत केले, तरी हाती अडीच येतात. त्यावर गाडी ऐंशी-नव्वद मीटर जाते. युनिटला आठ रुपये दर धरला तर एका सिग्नलची कमाई दोन पैसे. वेग निम्मा असेल तर तीही चौथाईवर येते, आणि लक्ष्मी रोडवर निम्मा वेग कधी मिळतो?

घाटात परिस्थिती बरी असते. खंडाळ्याहून खोपोलीला उतरताना सुमारे पाचशे मीटर उंची उतरते. दोनशे किलोंच्या हिशोबाने ती पावणेतीनशे वॉट-अवर होते, म्हणजे तीन युनिटच्या बॅटरीचे नऊ टक्के. हवा आणि टायर त्यातले बरेच खातात. डिस्प्लेवर दोन-चार टक्के वाढले तरी रिजेनवादी शिंगरोबाच्या देवळाजवळ थांबून फोटो काढतो आणि कुटुंबाच्या ग्रुपवर टाकतो. परतीच्या चढाचा फोटो मात्र कधी येत नाही.

सगळ्यांत टोचणारी गोष्ट वेगळीच आहे. सिग्नल लाल दिसताच दुरूनच रेस सोडून गाडी नुसती वाहू द्यावी, हे कडक रिजेनपेक्षा काटकसरीचे ठरते, कारण ऊर्जेचे रूपच बदलत नाही, त्यामुळे साठवताना आणि परत वापरताना अशी दोन्ही वेळची घट वाचते. थोडक्यात, न्यूट्रलवाला पूर्वज भौतिकशास्त्रात पुढे होता. ब्रेक तापवून तो धोका पत्करत होता, हा भाग सोडला तर. रिजेनवाद्याचे अ‍ॅव्हरेज खरोखर सुधारते ते तो पुढचे पाहून चालवायला शिकतो म्हणून. श्रेय तो हिरव्या पट्टीलाच देतो.

निसर्गाने या जातीला काही मर्यादाही घातल्या आहेत. बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर ती आणखी वीज घेत नाही. त्यामुळे टेकडीवरच्या सोसायटीत राहणारा रिजेनवादी पहाटे चारला उठून नव्वद टक्क्यांवर चार्जिंग बंद करतो आणि सकाळच्या उताराला जागा ठेवतो. वेग पायी चालण्याइतका उतरला की रिजेन जवळपास संपते. आणि गाडी करकचून थांबवायची वेळ आली, तर भार पुढच्या चाकावर जातो. मोटर मागच्या चाकाला असल्याने ती तेव्हा फारशी उपयोगी पडत नाही. पुढचा ब्रेक दाबावाच लागतो, आणि त्या दिवशी तो घरी गप्प असतो.

मागे बसणाऱ्यांना त्याचा खरा जाच. रेस सोडली की गाडी आवरते आणि बायकोचे हेल्मेट त्याच्या हेल्मेटवर आपटते. "अहो, जरा सांगत तरी चला," एवढे ती म्हणते, आणि परत येताना रिक्षा करते.

सर्व्हिसिंगच्या दिवशी मात्र तो खऱ्या अर्थाने जिंकतो. मेकॅनिक चाक खोलतो, तर ब्रेक पॅड जवळजवळ नवेच. बदलायला काही निघत नाही म्हणून मेकॅनिक खट्टू होतो. मग न वापरल्याने डिस्कवर धरलेला गंज बोटाने दाखवून अधूनमधून ब्रेक मारत जा, असे सुचवतो, आणि सफाईचे तीनशे रुपये लावतो. रिजेनवादी बिल घडी करून खिशात ठेवतो. हा खर्च त्याच्या हिशोबात धरला जात नाही.