देव फुकट, लोकरीचे पैसे

बाहुलीलाही पिनकोड लागतो, हे आमच्या पिढीच्या ध्यानीमनी नव्हतं. आमच्या वेळची बाहुली फार लांब गेलीच तर गल्लीच्या टोकापर्यंत जायची, तीही लग्न होऊन. आता खांदा कॉलनीत, आमच्याच सिडकोच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, देवघराला लागून एक पुठ्ठ्याचं खोकं असतं आणि त्यात लोकरीचे पांडुरंग दाटीवाटीने उभे असतात. पायाखाली विटकरी रंगाचा चौकोन, गळ्यात तुळशीच्या बारीक मण्यांची माळ, कपाळावर पिवळ्या धाग्याचं गंध. शेजारी तयार पाकिटांची चळत, त्यांवर शाळेच्या वहीतल्यासारख्या गोल अक्षरात कोथरूड, नाशिक रोड, सोलापूर. खाली उजव्या कोपऱ्यात पाठवणाऱ्याचा पिनकोड ४१०२०६. पाठवणारी आठवीत आहे.

घर माळकरी. आजोबा एसटीतून निवृत्त झालेले, गळ्यात माळ, वाणीत माउली. चातुर्मास लागला की कांदा, लसूण आणि वांगं या तिघांना घरात मज्जाव. हरिपाठ झाल्याशिवाय टीव्ही लागत नाही आणि लागला तरी आवाज इतका हळू, की बातम्यांमधलं जगच थोडं सुसंस्कृत वाटायला लागतं. आजीचं सोवळं तर असं कडक, की दारात आलेला सिलिंडरवाला आपणहून दोन पायऱ्या खाली उभा राहतो. मुलीने नाच शिकावा की नाही यावर ज्या घरात वर्षभर चर्चा चालली (निर्णय अजून व्हायचा आहे), त्या घरातल्या नातीने मोबाइलवर दुकान मांडावं, याचं इमारतीत सगळ्यांनाच नवल. मला नवल वेगळ्याच गोष्टीचं वाटतं. ते दुकान त्या घराचे नियम मोडून उभं राहिलेलं नाही, नियमांच्या आधारानेच उभं आहे. वेलीला काठीचा आधार असतो, पण काठीला ते ठाऊक नसतं, तसं काहीसं.

सुरुवात झाली ती आजीच्या क्रोशाच्या सुईपासून. साखळी, खांब, मुका खांब ही तिन्ही टाक्यांची नावं नातीने पाढ्यांच्या आधी पाठ केली असतील. आजीने त्यांतून जन्मभर रुमाल, तोरणं आणि टीव्हीवर टाकायची झाकणं केली. टीव्ही भिंतीला चिकटले आणि त्या झाकणांचा संसार उठला. नातीने मोबाइलवर जपानी पद्धतीच्या विणलेल्या बाहुल्या पाहिल्या, अमिगुरुमी म्हणतात त्यांना, आणि त्याच मुक्या खांबांनी गोल गोल विणत आधी एक ससा केला. सशाचं कौतुक झालं, पण बेताचंच. मग आषाढी आली आणि तिने विठोबा केला. आत्याने त्याचा फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला, तिथून तो दुसऱ्या ग्रुपवर गेला आणि आठवड्याभरात कुणा अनोळखी बाईंचा निरोप आला, केवढ्याला?

या एका प्रश्नाने घर हादरलं. देवाला किंमत? आजोबांनी जपाची माळ खाली ठेवली, यावरून प्रसंगाचं गांभीर्य ओळखावं. देव विकणाऱ्याच्या घरी देव राहील का, असा त्यांचा सवाल होता आणि तो काही अगदीच टाकाऊ नव्हता. उत्तर दिलं आजीने, पोळी लाटता लाटता. "अहो, मग पेणचे गणपती काय फुकट येतात? तुम्हीच दरवर्षी घासाघीस करता." पेण इथून गोवा हायवेने फार तर तासाभरावर. पेण, हमरापूर, जोहे या पट्ट्यात घरंच्या घरं वर्षभर गणपती करतात आणि ते देशभर, परदेशातही जातात. तिथल्या कारखान्यात शेकडो गजानन एका रांगेत कच्चे, पांढरेफटक, बिनडोळ्यांचे बसलेले असतात आणि पोरं त्यांच्यामधून धावत असतात. कुणी मूर्तीच्या पाया पडत नाही. प्राणप्रतिष्ठा झाली की देव, तोवर माती आणि मेहनत, हे आपल्या धर्माने फार पूर्वी ठरवून ठेवलेलं आहे आणि व्यापाराच्या दृष्टीने ते किती सोयीचं आहे, याचा विचार बहुधा तेव्हाही कुणीतरी केलेला असणार. आजोबा रात्रभर गप्प होते. सकाळी त्यांनी निकाल दिला. पावतीवर लिहायचं, लोकर इतक्याची, कापूस इतक्याचा, मजुरी इतकी. देव फुकट. आजही पाकिटात तशीच हाताने लिहिलेली चिठ्ठी जाते. एका गिऱ्हाइकाने म्हणे ती फ्रेम करून लावली आहे.

सरकारलाही हा पेच पडलेला आहे, फक्त त्याच्याकडे आजी नाही. दगडाच्या, संगमरवराच्या आणि लाकडाच्या देवमूर्ती जुलै २०१८ पासून जीएसटीतून मुक्त आहेत. बाहुलीवर मात्र आधी १२ टक्के होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के झाला. म्हणजे लाकडाचा एकच ठोकळा, त्याचा विठोबा कोरला तर करमुक्त आणि ठकी कोरली तर करपात्र. यादीत लोकर नाही. कमरेवर हात ठेवलेलं हे लोकरीचं ध्यान देवांच्या रांगेत बसवायचं की बाहुल्यांच्या, हे ठरवायला एखादा अधिकारी चष्मा पुसत बसला आहे, असं चित्र मी डोळ्यांपुढे आणतो आणि मला त्याची माया येते. तिची उलाढाल काही कराच्या वाटेला जाणारी नाही, ही त्यातल्या त्यात त्याची सुटका. पुन्हा १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय शिक्का हवा, असा नियम झाला. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना त्यातून सूट आहे. पण या खेळण्याची कारागीरच तेरा वर्षांची! कायद्याच्या दृष्टीने ती अजून बाहुली हातात घेण्याच्या वयाची, विकण्याच्या नव्हे. १८७२ चा करार कायदा सांगतो की अज्ञान व्यक्तीला करार करता येत नाही, त्यामुळे कागदोपत्री दुकान आईचं. आईला एक मुका खांब घालता येत नाही. मुलांच्या कामाचा जो कायदा २०१६ साली बदलला, त्यात घरच्या उद्योगाला शाळा सुटल्यावर आणि सुट्टीत हातभार लावायची मुभा आहे. आजीचा नियमही तोच, अभ्यास झाला, दिवेलागणीला शुभंकरोती झालं, की मग सुई. संसदेचं आणि आजीचं एकमत झाल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

दुकानावर तिचा चेहरा दिसत नाही. मुलीच्या जातीने असं चारचौघांत मिरवू नये, हा आजोबांचा दंडक, त्यामुळे व्हिडिओत फक्त दोन हात दिसतात, एका बोटाला शाईचा डाग. मला हा दंडक आधी जुनाट वाटला होता. पण लेकरांचे चेहरे चव्हाट्यावर मांडून पोट भरणारे आईबाप रोज पाहतो, तेव्हा वाटतं, आजोबांचं कारण चुकीचं असेल, निर्णय बरोबर आहे.

विणायला ती हरिपाठाच्या वेळेलाच बसते. आजोबा टाळ धरतात, धाकटा भाऊ पेंगत टाळ्या वाजवतो आणि ती ओठ दाबून टाके मोजते. अडचण एकच, पालुपद आलं की घर एका सुरात मोठ्याने म्हणतं आणि तिची मोजणी चुकते. एखादा टाका जास्त पडतो, पुढच्या फेरीत तो वाढतो आणि पांडुरंगाचं पोट सुटतं. पहिल्यांदा ती रडकुंडीला आली. आजोबांनी मूर्ती हातात घेतली, फिरवून पाहिली. "राहू दे पोरी. माउली जेवून आलीय." तेव्हापासून पोट सुटलेले विठोबा वेगळे ठेवले जातात, आणि गंमत म्हणजे त्यांनाच मागणी जास्त.

टपालाच्या दृष्टीने पाहिलं तर विठोबासारखा सोयीचा देव नाही. हात कमरेवर, म्हणजे बाहेर आलेलं काही नाही, मोडणार काही नाही. शस्त्र नाही, वाहन नाही. गणपतीची सोंड दबते, मारुतीची शेपटी अडकते, आणि महिषासुरमर्दिनीची ऑर्डर आली तेव्हा आईने हात जोडून नकार कळवला. हा मात्र पाकिटात ताठ उभा राहतो. पुंडलिकाने थांब म्हटल्यावर अठ्ठावीस युगं जो थांबला, त्याला स्पीड पोस्टाचे चार दिवस ते काय! सोबत एक छापील सूचना जाते, तिचा मसुदा नातीचा आहे. "अभिषेक थंड पाण्याने, हाताने करावा. पिळू नये. मशीनमध्ये घालू नये."

बाहुली आणि भाविक घर यांचं जमत नाही, असं आपल्याला उगीच वाटतं. पेनसिल्व्हेनियातले आमिश लोक कर्मठ म्हणून प्रसिद्ध, पण त्यांच्या बायका चिंध्यांच्या बाहुल्या करतात आणि पर्यटकांना विकतातही. फक्त त्या बाहुल्यांना चेहरा नसतो. माणसाची प्रतिमा घडवायची नाही, या आज्ञेचा असा मान. सिरियात २००३ साली आलेली फुल्ला नावाची बाहुली बार्बीएवढीच उंच, पण डोक्यावरून पदर घेतलेली. प्रत्येक धर्म बाहुलीला हाकलत नाही, नीट कपडे घालून आत घेतो. आमच्याकडे डोळ्यांवरून वाद झाला. दुकानात तयार काळे चकचकीत मणी मिळतात, ते लावले की विठोबा थेट सशाचा भाऊ दिसतो. आजोबा म्हणाले, देवाला बटणाचे डोळे नकोत. पेणचे कारागीर डोळे रंगवण्याला आखणी म्हणतात आणि ती सगळ्यात शेवटी, मुरलेल्या हाताने होते. इथेही डोळे शेवटी येतात, काळ्या धाग्याचे, आणि तेवढं काम आजी करते. तिचा हात आता थरथरतो. म्हणून प्रत्येक पांडुरंग थोडा वेगळीकडे पाहतो.

माझ्या आत्याकडे सावंतवाडीची लाकडी ठकी होती. तिथल्या चितार आळीत पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची खेळणी होतात, तिथूनच कुणी आणलेली. हातपाय न हलणारी, कपाळावर ठसठशीत कुंकू, चेहऱ्यावर सासुरवाशिणीचा आणि सासूचा असे दोन्ही भाव. शिवाय चिंध्यांची एक होती, तिचं लग्न समोरच्यांच्या बाहुल्याशी लागलं. अक्षता म्हणून चुरमुरे, जेवण म्हणून शेंगदाणे. कवी दत्तांनी मराठी मुलींच्या तोंडी बाहुलीची कविता घातली आणि १८९९ साली ते ऐन तारुण्यात गेले. ती कविता म्हणत आत्याने बाहुली सजवली आणि वरात निघताना तिला दिलीच नाही. दोन घरांत बोलणं बंद झालं. पुढे स्वतःच्या लग्नात आत्या हसत गेली. त्या बाहुलीला मात्र तिने शेवटपर्यंत नांदायला पाठवलं नाही.

म्हणून मला कुतूहल होतं, ही पोरगी आपल्या हातची बाहुली पाकिटात कशी घालत असेल. मुलांच्या हाती पैसा आला की खेळ संपतो, असं शहाणी माणसं म्हणतात. मी पाहिलं ते असं, पाकीट चिकटवण्याआधी ती प्रत्येकाला खोक्यातल्या बाकीच्यांना भेटवते. उराउरी, वारकरी भेटतात तसं. मग पत्ता वाचून दाखवते. सोलापूरला जातोयस, तिथे उकडतं, म्हणते. पैसे बँकेत जातात. दहा वर्षांवरच्या मुलांना आपलं खातं आपण चालवायची मुभा रिझर्व्ह बँकेने २०१४ सालीच दिली आहे. त्यातला एक वाटा आजोबांच्या दिंडीच्या अन्नदानाला. उरलेल्यात ती सायकल घेणार होती, आता लोकर घेणार आहे.

तिची खरी चिंता वेगळी आहे. लोक विठोबा नेतात, रखुमाई मागे राहते. कपाटावर हिरव्या लुगड्यातल्या रखुमाया ओळीने उभ्या आहेत, कमरेवर हात ठेवून, आणि आता तो पवित्रा भक्तीचा वाटत नाही. आजोबांनी समजूत घातली, पंढरपुरातही ती त्याच्याजवळ नसते, मागे वेगळ्या मंदिरात असते. रुसून दिंडीरवनात आली होती, तोच तिच्यामागे आला. नातीने हे शांतपणे ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी दुकानावर पाटी लावली. सुटा विठोबा मिळणार नाही. ऑर्डरी निम्म्यावर आल्या, बाप म्हणाला धंदा कळत नाही, आजी पहिल्यांदाच काही न बोलता हसली.

आषाढीच्या ऑर्डरी बंद झाल्या आहेत. कार्तिकीसाठी कुणाला हवा असेल तर दिवाळीआधी सांगून ठेवा, मध्ये सहामाही परीक्षा आहे. दशमीनंतर पार्सल बांधायचं नाही हा आजोबांचा नियम, आणि घ्यायची तर जोडीच, हा तिचा.