खटक्यावर बोट

कॅमेरा विकत घेतला की खोक्यात एक काळा पट्टा मिळतो. त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. त्यावर कंपनीचं नाव ठळक अक्षरांत असतं, तो गळ्यात अडकवला की माणूस लगेच फोटोग्राफर दिसायला लागतो आणि बहुतेकांचं तेवढ्यावर भागतं. पट्टेवाल्याचं भागत नाही. त्याच्या घरी हे पट्टे प्लास्टिकच्या पिशवीतून अजून बाहेरही आलेले नाहीत.

पट्टेवाला हे आम्ही ठेवलेलं नाव. रविवारी पहाटे कोल्हापूरच्या रंकाळ्यावर जमणाऱ्या कुठल्याही कॅमेरावाल्या टोळक्यात असा एक असतोच. वय चाळिशीच्या आसपास, पतसंस्थेत नोकरी नाहीतर वडिलांचं दुकान, आणि डोक्यात कायम एकच प्रश्न, की कॅमेरा अंगावर नेमका कुठं अडकवायचा. सूर्य शालिनी पॅलेसच्या बाजूला आहे की पाठीमागं, याच्याशी त्याला कर्तव्य नसतं. नवखा पोरगा गळ्यात पट्टा घालून आला, की हा त्याला बाजूला घेतो.

"बॉक्समधलाच पट्टा? आरं मर्दा, मान मोडून घेशील की!"

यात तथ्य नाही असं नाही. फुल-फ्रेम कॅमेरा आणि 70-200 चा मोठा लेन्स मिळून वजन दोन-अडीच किलोच्या घरात जातं. ते दिवसभर मानेवर वागवलं की संध्याकाळी मान बोलते. शिवाय चालताना कॅमेरा छातीवर आपटतो, वाकलं की पुढं झुलतो. पण पट्टेवाला एवढ्यावर थांबत नाही. मानेचे मणके, खांद्याचा स्नायू, त्यातून निघणारी नस अशी त्याची गाडी घसरत जाते, आणि नमनाला घडाभर तेल जळेपर्यंत रंकाळ्यावर ऊन चढलेलं असतं. पोरगं बिचारं मान चोळत घरी जातं. येताना दुखत नव्हती.

या सगळ्याचं मूळ अमेरिकेत आहे. 2011 साली पीक डिझाइन नावाच्या कंपनीनं किकस्टार्टरवर लोकांकडून पैसे गोळा करून 'कॅप्चर' नावाची क्लिप काढली. कल्पना साधी. धातूच्या दोन पट्ट्यांमध्ये बॅगेचा खांद्यावरचा पट्टा धरायचा, बोल्ट आवळायचे. कॅमेऱ्याच्या बुडाला पाव इंची स्क्रूनं एक चौकोनी प्लेट बसवायची. ती प्लेट क्लिपच्या खाचेत सरकवली की खट्ट आवाज होतो आणि कॅमेरा बसतो. काढताना बटण दाबायचं की हातात. आमच्या माणसाला ही वस्तू पहिल्यांदा दिसली तेव्हा त्याच्या तोंडून जे निघालं ते कोल्हापूरकरांना वेगळं सांगायला नको.

"खटक्यावर बोट, जाग्यावर पलटी! नाद खुळा!"

तेव्हापासून तो जो सुटला तो अजून सापडलेला नाही. क्लिप झाली. मग खांद्यावरून तिरका जाणारा, कॅमेरा कमरेशी उलटा लोंबकळत ठेवणारा पट्टा झाला. मोटारसायकलवर बसला की तो कॅमेरा पेट्रोलच्या टाकीवर ठण्ण वाजायचा, म्हणून तो गेला. मग कमरेच्या बेल्टला अडकवायचा होल्स्टर आला. त्यात कॅमेरा पिस्तुलासारखा राहतो आणि झटक्यात निघतो. मात्र दोन किलोंच्या ओढीनं पॅन्टही त्याच्याबरोबर निघायला बघते. एका लग्नात मंगलाष्टकं सुरू असताना हा एका हातानं कॅमेरा आणि एका हातानं पॅन्ट धरून उभा होता. अक्षता टाकायला तिसरा हात नव्हता.

त्यावर उपाय म्हणून छातीवर बांधायचं जाकीट आलं. दोन्ही खांद्यांवर वजन सारखं पडतं, कॅमेरा छातीच्या मधोमध बसतो. वस्तू खरोखर चांगली. पण ते घालून तो मंडपात शिरला, तसे नवऱ्या मुलाचे मामा काळजीनं उठून आले. "मणक्याचं ऑप्रेशन कवा झालं? आणि आसं असताना कामावर कशाला आलासा?" हा क्लिप, प्लेट, वजनाची विभागणी समजावून सांगत होता. मामा मान डोलावत होते. शेवटी त्यांनी सांगलीच्या एका हाडवैद्याचा पत्ता लिहून दिला.

घरी तर वेगळीच तऱ्हा. खुंटीवर, दारामागं, शिलाई मशीनवर पट्टेच पट्टे. वहिनी एकदा आमच्यासमोर म्हणाल्या, "मी म्हणतो, एवढी दावी घरात आणलासा, आता दोन म्हशी तरी आणा!"

बाजारात आहे ते सगळं घेऊन झालं, की पट्टेवाला स्वतः घडवायला लागतो, आणि कोल्हापुरात घडवणाऱ्यांची कमी नाही. तो चप्पल लाइनला गेला. कारागिरानं विचारलं, "कुठल्या पायाचं?" हा म्हणाला, "पायाचं न्हवं, कमरेचं." चार दिवसांत कोल्हापुरी चपलेच्या कातड्याचा होल्स्टर तयार झाला. देखणा, वर गोंडासुद्धा. 2025 च्या जूनमध्ये प्राडानं मिलानच्या फॅशन शोमध्ये आपल्या चपलेसारखी चप्पल मिरवली आणि इथं सगळीकडं बोंब उठली, तेव्हा एकटा हाच खुशीत होता. "पायातली न्हेली न्हवं? आता कमरेचं न्हेतील बघ!" होल्स्टरला दोष एकच. चपलेसारखाच तो चालताना कर्रकर्र वाजतो. दाजीपूरच्या जंगलात समोर गवा उभा होता, अंतर झकास, उजेड झकास. यानं अलगद एक पाऊल टाकलं. कर्र. आमच्यापैकी प्रत्येकाकडं त्या गव्याचा पाठमोरा फोटो आहे.

पुढची पायरी अर्थातच शिवाजी उद्यमनगर. परदेशी क्लिप मिस्त्रीपुढं ठेवून हा म्हणाला, "आसलीच, पर दणकट." मिस्त्री म्हणाला, "नमुना ठेवून जावा." जिथं डिझेल इंजिनाचे भाग ओतले जातात, तिथं दणकट या शब्दाचा अर्थ वेगळा असतो. जी वस्तू तयार होऊन आली ती कॅमेऱ्याच्या तोडीस तोड वजनाची होती. मिस्त्रीनं हमी दिली, "ट्रॉली अडकवा, तुटायची न्हाई." प्लेटा मात्र अडकेनात. या प्लेटा म्हणे अर्का-स्विस धाटणीच्या, दोन्ही कडा तिरप्या, सगळ्यांनी एकाच मापात बनवायच्या. पण प्रत्येक बनवणारा केसभर इकडंतिकडं करतो, आणि तो केस आमच्या माणसाच्या आयुष्यात फार मोठा आहे. एक प्लेट खाचेत जातच नाही, दुसरी जाते ती येत नाही.

तसं बघितलं तर याच गावात 1917 साली बाबूराव पेंटरांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, साथीदारांना घेऊन सिनेमाचा कॅमेरा इथंच तयार केला, आणि 1920 मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आणला. त्याची आठवण म्हणून खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ उभा आहे. पट्टेवाला तिथं थांबून नेहमी नमस्कार करतो. कोल्हापुरातला तो एकच कॅमेरा असा, की जो कुठं अडकवायचा हा प्रश्न त्याला पडत नाही.

जोतिबाच्या चैत्र यात्रेला मात्र खटक्यानं दगा दिला. सासनकाठ्या नाचत येत होत्या, वर गुलालाचा ढग, डोंगर सगळा गुलाबी. असा क्षण वर्षातून एकदाच. यानं खटक्यावर बोट ठेवलं. पलटी काही होईना. खाचेत, बटणात, बोल्टात गुलाल भरलेला, वरून घाम. यानं दाबलं, ओढलं, जोतिबाच्या नावानं चांगभलं म्हणून पुन्हा ओढलं. शेवटी अख्खी बॅग खांद्यावरून काढली, डोळ्याला लावली आणि बॅगेसकट फोटो घेतला. आजूबाजूच्या भाविकांनी हीही काही नवसाची रीत असेल असं समजून वाट करून दिली. सांगायला हरकत नाही, तो फोटो त्या दिवसाचा सगळ्यात चांगला आला.

आणि पन्हाळा ते पावनखिंड चालताना मी त्याला मनापासून मानलं. 1660 च्या जुलैत बाजीप्रभू ज्या वाटेनं गेले, ती वाट जुलैतच चालायची असा मोहिमांचा शिरस्ता. चिखल असा, की दोन्ही हात झाडं धरायलाच लागतात. आमचे कॅमेरे गळ्यात गोते खात होते, एकाचा लेन्स तर दगडावर बसला. याचा कॅमेरा बॅगेच्या पट्ट्यावर, पावसाळी टोपडं घालून, पाळण्यातल्या पोरासारखा शांत. हात मोकळे, मान सरळ. उतरणीवर तो आम्हाला हात देत होता आणि एरवीचा उपदेश त्यानं एकदाही केला नाही. तेवढा वेळ त्याच्या सगळ्या खर्चाचं चीज झाल्यासारखं वाटलं.

तेव्हा कुणी मला विचारलंच, तर डोंगर चालणाऱ्यानं क्लिप जरूर घ्यावी, मात्र प्लेट त्याच कंपनीची घ्यावी आणि कॅमेऱ्याला एक जादा दोरी ठेवावी. लग्नात दोन कॅमेरे वागवणाऱ्यानं मामांना न भिता दोन्ही खांद्यांवरचं जाकीट घालावं. कमरेचा होल्स्टर घ्यायचा तर आधी बेल्ट जाड घ्या. जोतिबाला जाताना सरळ प्लास्टिकची पिशवी न्या. आणि काहीही वापरा, प्लेटचा स्क्रू घरातून निघतानाच आवळा. पावनखिंडीत एलन की मिळत नाही.