सहा महिन्यांची शास्त्रज्ञ

नवा पांढरा कोट अंगावर बसत नाही, अंगाभोवती उभा राहतो. जानेवारी आणि जुलै या दोन महिन्यांत आमच्या कॅन्सर रुग्णालयाच्या ट्रायल विभागात असे उभे कोट घालून इंटर्न दाखल होतात. खिशाला तीन पेनं, गळ्यात ओळखपत्र, पिशवीत गुड क्लिनिकल प्रॅक्टिसच्या ऑनलाइन परीक्षेचं प्रमाणपत्र, तेही लॅमिनेट केलेलं. कुणी एम.फार्म. करत असते, कुणी बायोटेक, कुणी क्लिनिकल रिसर्चचा डिप्लोमा. मुलगेही येतात, पण आमच्याकडे मुलीच जास्त, म्हणून आपण ‘ती’ म्हणू. अर्जात ‘इथे का यावंसं वाटतं?’ या रकान्यात तिने लिहिलेलं असतं की आजीला कॅन्सर झाला त्याच दिवशी तिने ठरवलं, यावर औषध शोधायचं. हे खोटं नसतं. त्यामुळे हसता येत नाही, आणि मग तिच्या हातात पंचिंग मशीन देणं आणखीच जिवावर येतं.

पण द्यावं लागतं. कॅन्सरचं औषध प्रयोगशाळेत सापडत असेल, ते खरं ठरतं मात्र बॉक्स फायलीत. आमच्या खोलीत चारही भिंतींना छतापर्यंत फायली आहेत. त्यात एक डेलिगेशन लॉग असतो. कुणी काय करायचं हे मुख्य संशोधकाने सही करून त्यात लिहिलेलं असतं. ज्याचं नाव त्यात नाही, त्याने ट्रायलमधल्या पेशंटचं वजनसुद्धा करायचं नाही. इंटर्नचं नाव त्यात नसतं. म्हणजे पहिले दोन महिने ती कॅन्सर संशोधनाच्या अगदी मध्यभागी, कशालाही हात न लावता उभी असते. फक्त भोकं पाडते.

या काळात तिच्यावर दोन संस्कार होतात, आणि दोन्हींचा त्रास घरच्यांना होतो.

पहिला संस्कार खाडाखोडीचा. ट्रायलच्या कागदावर व्हाइटनर म्हणजे महापाप. चुकलं तर त्यावर एकच आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी बरोबर आकडा, आद्याक्षरं आणि तारीख. पंधरा दिवसांत हे हाडात भिनतं. मग आई वाण्याच्या यादीत साखर दोन किलोची एक किलो करते, तेव्हा ही विचारते, ‘हे कुणी बदललं? कधी? सही कुठाय?’ एकीच्या आईने मला फोन करून विचारलं होतं, की मुलगी नेमकं काय शिकतेय, ऑडिटिंग का?

दुसरा संस्कार ग्रेडचा. उपचारांचे दुष्परिणाम मोजायला अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने एक यादी केली आहे. तिची पाचवी आवृत्ती २०१७ची. माणसाला जे जे होऊ शकतं ते सगळं त्यात आहे, एक ते पाच अशा चढत्या ग्रेडमध्ये. पाच म्हणजे मृत्यू, तेव्हा सहाची गरज पडलेली नाही. ही यादी हाती आली की इंटर्नला माणसं दिसेनाशी होतात. लग्नाचं जेवण बाधून वडील सकाळपासून ये-जा करत असतात आणि ही दाराबाहेरून विचारते, ‘बाबा, रोजच्यापेक्षा किती वेळा जास्त? चारच्या आत असेल तर ग्रेड एक.’ आजीच्या बोटांना मुंग्या येतात म्हटल्यावर तिला भाजी चिरता येते का, फोन लावता येतो का, पैसे मोजता येतात का, असं ओळीने विचारलं जातं. यादीत तसंच आहे. पैसे मोजता येतात, असं आजी जरा जास्तच जोरात सांगते.

या सुमारास तिची आवडती औषधं ठरलेली असतात. त्यांची नावं ‘मॅब’वर नाहीतर ‘निब’वर संपतात आणि एका बाटलीच्या किमतीत गावाकडे विहीर होते. मग एक दिवस आमचे सर सगळ्या इंटर्नना बसवून परळच्या टाटा मेमोरियलच्या गोष्टी सांगतात. १९९८ साली मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये सुरू झालेला अभ्यास, सुमारे दीड लाख बायका. दहावी झालेल्या आरोग्यसेविकांना शिकवून तयार केलं आणि गर्भाशयमुखाची तपासणी करायला त्यांच्या हाती दिलं काय, तर व्हिनेगर, म्हणजे पातळ अ‍ॅसेटिक आम्ल. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. २०१३ साली शिकागोच्या परिषदेत हे मुख्य सभेत मांडलं गेलं. दुसरी गोष्ट लिग्नोकेनची, दात काढताना टोचतात तेच. स्तनाच्या कॅन्सरमध्ये शस्त्रक्रियेच्या काही मिनिटं आधी ते गाठीभोवती टोचायचं, बस्स. ११ केंद्रं, सोळाशेच्या आसपास बायका. पाच वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण नुसत्या शस्त्रक्रियेच्या गटात ८६.४ टक्के, इंजेक्शनच्या गटात ९०.१.

सरांचं संपतं तेव्हा इंटर्नच्या चेहऱ्यावर जे भाव असतात ते मी दरवर्षी मुद्दाम बघतो. सासरी पुरणपोळीची तयारी करून जावं आणि पानात पिठलं यावं, तसे. एक हात वर जातो. ‘सर, पण यात मॉलिक्यूल कुठलं?’ दुसरा हात: ‘पेशंट घ्यायला किती वर्षं लागली?’ २०११ला सुरुवात, २०२२ला शेवटची पेशंट. तिची इंटर्नशिप सहा महिन्यांची. तिच्या लक्षात येतं, की ही ट्रायल सुरू झाली तेव्हा आपण चौथीत होतो.

तिसऱ्या महिन्यात तिला कन्सेंटच्या खोलीत बसायला मिळतं. कन्सेंट घ्यायचा अधिकार तिला अर्थातच नाही. जिथे संमतीचं चित्रीकरण करायचं असतं तिथे कॅमेरा नीट चालू आहे ना, हे बघायचं. समोर तोंडाच्या कॅन्सरचे एक काका, बीडकडचे, आणि त्यांचा पुतण्या. डॉक्टर पानामागून पान समजावत रँडमायझेशनपर्यंत येतात. कोणत्या गटात जाणार ते कॉम्प्युटर ठरवणार, आम्ही नाही.

पुतण्या मुंबईत राहणारा. तो काकांना म्हणतो, ‘म्हाडाची लॉटरी असते ना, तसं.’

‘अन् घर नाही लागलं तर?’

डॉक्टर घाईघाईने सांगतात, की तसं नाही, उपचार दोन्ही गटांना आहेत. एका गटाला नेहमीचे, दुसऱ्याला नेहमीचे अधिक एक नवीन गोळी.

‘मंग गोळीवालं चांगलं.’

‘तेच माहीत नाही, काका. चांगलं ठरेल, नाहीतर नुसता त्रासच वाढेल.’

काका बराच वेळ डॉक्टरांकडे बघतात. मग पुतण्याकडे वळून म्हणतात, ‘याहीला म्हाईत नाही म्हणतेत.’ त्यांचा आवाज गंमत वाटल्यासारखा असतो. आयुष्यात पहिल्यांदा एखादा डॉक्टर त्यांना हे म्हणालेला असतो.

कॅमेऱ्यामागे आमची इंटर्न मात्र लाजेने अर्धी झालेली असते. एवढं मोठं रुग्णालय, एवढे डॉक्टर, आणि पेशंटसमोर चक्क माहीत नाही म्हणायचं? खोलीबाहेर पुतण्या तिला गाठतो. ‘मॅडम, आता तुम्ही खरं सांगा, कुठलं बरं?’ मॅडम म्हणणारा तो तिचा पहिलाच माणूस. ती पेशीवरचे रिसेप्टर, त्यांना अडवणारी रेणूची रचना, उंदरांवरचे निकाल असं तिथेच जिन्यात सुरू करते. पुतण्याला एवढंच कळतं, की उंदीर बरे झाले. तो खूश होऊन निघतो आणि पुढचा अर्धा तास डॉक्टरांना त्याला पुन्हा खाली आणण्यात घालवावा लागतो.

चौथ्या महिन्यात मॉनिटर येतो. स्पॉन्सर कंपनीच्या वतीने कागद तपासणारा हा माणूस लॅपटॉपची बॅग पाठीवर घेऊन बंगळूरहून येतो, हसून चहा घेतो आणि जाताना साठ क्वेरी ठेवून जातो. दर २१ दिवसांनी, फार तर तीन दिवस मागेपुढे यायचं असा नियम असताना रत्नागिरीचा अमुक पेशंट नऊ दिवस उशिरा का आला? कोकणातला पेशंट भाद्रपदात कुठे असतो हे सांगायला संशोधन लागत नाही. इंटर्नने सांगितलं, कोऑर्डिनेटरने भरलं: ‘कारण: गणपती’. आठ दिवसांनी परदेशातून क्वेरी आली, की गणपती हे पेशंटचे कोण, आणि त्यांची प्रकृती आता कशी आहे.

त्याच आठवड्यात सांगलीच्या एका पेशंटला म्हशीने ढुशी दिली. ट्रायलमधला माणूस कशानेही रुग्णालयात भरती झाला, की ती गंभीर घटना; ती चोवीस तासांत दिल्लीला औषध नियंत्रकांना, एथिक्स कमिटीला आणि स्पॉन्सरला कळवायची. रविवार होता. इंटर्न स्वतःहून धावत आली आणि अहवालाच्या प्रती काढत बसली. औषधाशी संबंध: नाही. तिचं म्हणणं, म्हशीशी आहे हेही लिहावं, म्हणजे पुढची क्वेरी वाचेल. मला विचाराल तर तिथे मुलगी तयार झाली.

मात्र तिचं खरं शिक्षण फोनवर होतं. फायली नंतर द्याव्यात, आधी फोन द्यावा, असं मी किती वर्षं सांगतोय. माझं कोण ऐकतो. उपचार संपल्यावर पेशंट वर्षानुवर्षं गावी असतो आणि तो कसा आहे हे कळलं नाही तर सगळी ट्रायल लंगडी. तेव्हा कोऑर्डिनेटरच्या शेजारी बसून ती नंबर लावते. नंबर पेशंटचा नसतोच. तो असतो भाच्याचा, भाचा पुण्यात, त्याने सिम बदललेलं. मग शेजाऱ्याचा, मग किराणा दुकानदाराचा. ‘काका कसे आहेत?’ ‘रानात गेलेत.’ यादीत हे कुठल्याच ग्रेडमध्ये बसत नाही, पण खोलीभर आनंद होतो. हळूहळू ती जळगावशी वेगळं आणि सावंतवाडीशी वेगळं बोलायला लागते. पाऊस विचारते, कापसाचा भाव विचारते, मग गिळायला त्रास होतो का हे विचारते.

आणि एकदा पलीकडून बाई म्हणतात, ‘ते गेले की, ताई. दिवाळीच्या आधीच.’

इंटर्न गप्प. कोऑर्डिनेटर हळूच फॉर्म पुढे सरकवते. त्यात रकाना असतो आणि त्याला तारीखच लागते. तिला विचारावंच लागतं.

‘तारीख नाही बघा ध्यानात. कोजागिरीनंतरची अष्टमी होती.’

फोन ठेवल्यावर ती थोडा वेळ नुसती बसते. मग उठून भिंतीवरचं कालनिर्णय काढते, ऑक्टोबरचं पान उलटून आश्विन वद्य अष्टमी शोधते. पंचाईत अशी, की अष्टमी आदल्या दिवशी दुपारीच लागलेली. माणूस गेला रात्री. मग तिथी सूर्योदयाची धरायची की त्या वेळेची? यावर आमच्याकडे संख्याशास्त्रज्ञासह पाच जणांची बैठक झाली. संख्याशास्त्रज्ञ म्हणाले, एका दिवसाने आलेख हलत नाही. ती म्हणाली, ‘त्यांचा एक दिवस आहे, सर.’ आणि तिने पुन्हा फोन करून, चांगली वीस मिनिटं बोलून, ग्रामपंचायतीतला मृत्यूचा दाखला व्हॉट्सअ‍ॅपवर मागवला. अष्टमी सूर्योदयाचीच निघाली. मॉनिटरला मधल्या नोंदीत ‘आधार: कालनिर्णय’ असं सापडलं, तेव्हा त्याने लॅपटॉप मिटून चहा मागवला.

सहाव्या महिन्यात कोट अंगाला बसलेला असतो, खिशाला एकच पेन उरतं, तेही कुणाचं तरी. शेवटच्या आठवड्यात जिन्यात कुणाचा तरी मुलगा तिला अडवतो. ‘ताई, खरं सांगा, कुठलं बरं?’ ती म्हणते, ‘दादा, खरंच माहीत नाही. माहीत असतं तर ट्रायल कशाला केली असती? चला, बाबांना केव्हा आणायचं ते लिहून देते.’ आणि तारीख लिहिताना चुकते, एक रेघ मारते, सही करते.

मग समारोपाचं सादरीकरण, आभाराच्या तीन स्लाइड, प्रमाणपत्र, लिंक्डइनवर आम्हा सर्वांचा डोळे मिटलेला फोटो. काही जणी पीएच.डी.ला जातात, काही अमेरिकेला, एक बँकेत लागली. आणि काही जणी दोन-तीन वर्षांनी लॅपटॉपची बॅग पाठीवर घेऊन, मॉनिटर होऊन परत येतात. त्यांच्याइतकी कडक जात नाही. परवा एकीने जुनी फाइल उघडली, एका पानावर बोट ठेवून माझ्याकडे बघितलं आणि थंड आवाजात विचारलं, ‘सर, इथे भोक पाडताना तारीख उडवलीय. कुणी केलं हे?’

मी तिच्याकडे बघितलं. तिने सावकाश लॅपटॉप ओढला आणि क्वेरी टाकलीच.