तापास-निर्गमन-मीमांसा

स्पॅनिश 'तापास'चा आपल्या तापसांशी काहीही संबंध नाही, हे आधीच सांगून टाकतो; नाहीतर कुणी उत्साही व्युत्पत्तिकार हा शब्द नैमिषारण्यातून थेट सेव्हिलला पोचवेल. स्पॅनिशमध्ये 'तापा' म्हणजे झाकण. पेल्यात माशी किंवा वाळू पडू नये म्हणून त्यावर पावाची नाहीतर हॅमची चकती ठेवत, पुढे लोक झाकणच खाऊ लागले, अशी कथा आहे. एक पक्ष ती कादिसच्या वाऱ्यात पेला घेऊन बसलेल्या तेराव्या आल्फोन्सो राजाच्या नावावर मांडतो. दुसरा पक्ष तापाचं मूळ त्याच्याही सहाशे वर्षं आधीच्या दहाव्या आल्फोन्सोपर्यंत नेतो. दोन्ही पक्षांकडे पुरावा सारखाच आहे, म्हणजे पेल्यात मावेल एवढा.

प्रस्तुत निबंधाचा विषय तापा नसून तापासयात्रा आहे. पूर्वसूरी तिचं लक्षण असं करतात : 'एकाच संध्याकाळी अनेक ठिकाणी थोडंथोडं खाणे.' हे लक्षण अतिव्याप्तीने दूषित आहे. लग्नाच्या बुफेत पाणीपुरीपासून जिलेबीपर्यंत हिंडणारा माणूसही त्यात बसतो, पण त्याला यात्रेकरू म्हणता येत नाही. कारण तो कुठूनच निघत नाही. माझा सिद्धांत असा की तापासयात्रेचं मर्म खाण्यात नाही, निघण्यात आहे. सात ठिकाणी खायचं तर सात वेळा उठावं लागतं. आणि निघणं ही क्रिया मराठी माणसाला जमत नाही. 'निघतो' म्हटल्यावर तो अर्धा तास बसतो, दारात आणखी वीस मिनिटं उभा राहतो आणि अखेर जाताना म्हणतो 'येतो'. ज्या भाषेत जाण्यालाच येणं म्हणतात, तिच्या भाषकांकडून आपण काय अपेक्षा ठेवणार?

आता प्रयोगाकडे वळू. प्रयोगात चौघे होते : मी, बायको, दादा आणि वहिनी. शुक्रवारी संध्याकाळी माद्रिदहून 'आवे' या वेगवान गाडीने अडीच तासांत सेव्हिल, रविवारी परत. मधला शनिवार यात्रेचा. दादा बँकेतून निवृत्त झालेला असल्यामुळे एक्सेल त्याच्या ताब्यात होतं. त्याने मांडलेला हिशोब निर्दोष होता. बार सात, प्रत्येकी पंचवीस मिनिटं, म्हणजे एकशे पंचाहत्तर. बारांमधली अंतरं सहा, प्रत्येकी दहा मिनिटं, म्हणजे साठ. एकूण दोनशे पस्तीस. आठला सुरुवात, बाराला समाप्ती, आणि उरलेली पाच मिनिटं 'आकस्मिक' या रकान्यात. आठच का, तर दुपारी चारच्या सुमाराला तिथली स्वयंपाकघरं मिटतात ती आठनंतरच उघडतात. या पद्धतीवर पुणेकराने टीका करू नये, हे मी दादाला दोनदा सांगितलं.

पहिला बार एल रिंकोन्सियो. सांता कातालिना चर्चजवळचा, 1670 सालचा. हे साल वाचताच दादाने हात जोडले. कोंढाणा घेतला तो याच वर्षी, आणि सूर्याजीने परतीचे दोर कापले असं आपण ऐकत आलो तेही याच मोहिमेत. शकुन कळायला हवा होता, पण शास्त्र शकुन मानत नाही.

तिथे लाकडी काउंटरशी उभं राहायचं असतं. काय घेतलं ते वेटर तुमच्या समोर, त्या लाकडावरच खडूने लिहितो. कागद नाही, यंत्र नाही. आकडे एकाखाली एक उतरत जातात आणि तुमचं कोपर त्यांच्या शेजारी टेकलेलं असतं. आम्ही पालक आणि छोल्यांची 'एस्पिनाकास कोन गार्बान्सोस' मागवली. छोट्या मातीच्या वाटीत गडद हिरवा, जिऱ्याचा वास येणारा गोळा आला. वहिनींनी एक घास घेतला आणि म्हणाल्या, "अगंबाई, हे आपल्या अळूच्या फदफद्याचं माहेर दिसतंय." त्या शाकाहारी आहेत. शाकाहार म्हणजे काय याबद्दल त्या देशाच्या कल्पना उदार असून मांस नको म्हटल्यास प्रेमाने ट्यूना देतात. त्यामुळे या वाटीचं महत्त्व फार. दुसरी मागवली. तिसरीही.

सेव्हिलमध्ये पदार्थाची तीन मापं असतात : तापा, मेदिया आणि रासिओन, म्हणजे चव, अर्धी प्लेट आणि पूर्ण प्लेट. पुष्कळ ठिकाणी तापा उभ्या माणसालाच मिळतो, टेबलाशी बसलात की मोठं माप घ्या म्हणतात. मला ही अर्थव्यवस्था अत्यंत सखोल वाटते. तिने बसण्यावर कर बसवला आहे. पण दादाने बूड टेकलंच. त्याला एक टेबल रिकामं दिसलं, आणि मराठी माणसाला रिकामी खुर्ची दिसली की ती आपल्यासाठीच धरून ठेवलेली आहे असं वाटतं. झाले, दोर कापले गेले. उठलो तेव्हा पावणेदहा वाजले होते. त्यानंतर 'मी देतो', 'नाही, मी देतो' हे झालं, मग काउंटरवरच्या खडूच्या आकड्यांची दादाने हातचा धरून पुन्हा बेरीज केली. ती बरोबर निघाली. यात 'आकस्मिक'ची पाचही मिनिटं संपली.

इथे एका दुर्लक्षित साधनाकडे अभ्यासकांचं लक्ष वेधतो. स्पेनमधल्या बारांत कागदी रुमाल असतात, पातळ, गुळगुळीत, तेल न टिपता ते बोटभर पसरवणारे. पुष्कळांवर छापलेलं असतं 'ग्रासियास पोर सु विसिता', तुमच्या भेटीबद्दल आभार. पहिला घास तोंडात जाण्याआधी हातात निरोपाचा कागद! एवढ्या स्पष्टपणे आपल्याकडे पाहुण्याला कुणी 'निघा' म्हटलं असतं तर दोन पिढ्या बोलणं बंद झालं असतं. दादाने तो रुमाल वाचला, अर्थ विचारला, "किती अगत्याचे लोक आहेत" म्हणाला आणि आणखी एक बिअर सांगितली.

दुसऱ्या बारच्या दारात वहिनींनी सूत्रं हाती घेतली. त्यांनी एक्सेल पाहिलंच नाही. दादाला म्हणाल्या, "अहो, इथे पर्स खाली ठेवायची नाही आणि टेकायचं नाही." बायकोने मान हलवली. मला अजून उलगडा झाला नव्हता. आत गेल्या, काउंटरशी उभ्या राहिल्या, एक साल्मोरेखो, म्हणजे टोमॅटो-पावाचं गार सूप, हॅम काढून सांगितला, चाखला, छान आहे म्हणाल्या, पैसे ठेवले, आणि माझा पेला अर्धा असतानाच बायकोने ते वाक्य उच्चारलं :

"चला, अजून पाच घरं करायची आहेत."

चैत्रगौरीचं हळदीकुंकू! एका संध्याकाळी सहासात घरं, प्रत्येक ठिकाणी वाटीभर कैरीची डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे. गौरीची आरास बघायची, शेजारणीच्या साडीकडे बघायचं, टेकायचं नाही, उठायचं. ही यात्रा आपल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या करत आल्या आहेत, आणि आम्ही पुरुष दारात चपला सांभाळत उभे. म्हणून आमच्याकडे या विषयावर ग्रंथ नाही. ज्यांना येतं त्यांना लिहायला वेळ नव्हता.

बाकीची घरं साडेअकराच्या आत झाली. एका ठिकाणी तर आम्ही सात मिनिटंच होतो. दादा फुटपाथवर थांबून एक्सेलच्या रकान्यात वेळा भरत होता आणि दर वेळी मागे पडत होता. शेवटच्या बारमध्ये मांझानिया शेरीबरोबर ऑलिव्ह फुकट आले. वहिनी नको म्हणाल्या, मग हो म्हणाल्या.

हॉटेलवर परतल्यावर त्यांनी पर्स उघडली. आत ते आभाराचे चार कागदी रुमाल होते, आणि त्यात मूठभर ऑलिव्ह बांधलेले, ओटीतल्या हरभऱ्यांसारखे. तेल अर्थातच पासपोर्टपर्यंत पोचलं होतं.