नेटपुरता

नवी पेठेतल्या त्या दुकानात अप्पा शिरले की काउंटरवरचा पोरगा आधी फडकं काढतो आणि मग स्टूल. फडकं टॅबलेटला, स्टूल अप्पांना. अप्पा बसतात, सदऱ्याच्या खिशातून घडीचं पितळी भिंग काढून उलगडतात, चालू टॅबलेटच्या काचेवर उभं करतात आणि एक डोळा मिटून त्यावर ओणवे होतात. नवं गिऱ्हाईक असेल तर त्याला हा माणूस सोनार वाटतो. दोन-तीन मिनिटं दुकानात शांतता. मग अप्पा मान वर काढून निकाल देतात, "वीण बरी हाय. पण ह्या भावात नको."

ते भिंग टॉवेलचं. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात अप्पांनी चौतीस वर्षं चेकर म्हणून काढली. इंचभर कापडात उभे धागे किती आणि आडवे किती हे त्या भिंगातून मोजायचं, कमी भरला की माल बाजूला. आडव्या धाग्याला कारखान्यात 'पिक' म्हणतात. पुढे कधीतरी टॅबलेटच्या खोक्यावर 'पीपीआय' ही अक्षरं अप्पांच्या नजरेला पडली आणि परक्या गावात माहेरचं माणूस भेटावं तसं त्यांचं झालं. पिक पर इंच! पोराने सांगितलं, काका, पिक नाही, पिक्सेल. अप्पांना तो उच्चाराचा फरक वाटला. आणि भिंग लावून बघितल्यावर तर शंकाच उरली नाही: प्रत्येक ठिपक्यात लाल, हिरवा, निळा असे तीन उभे पट्टे, शेजारी शेजारी. "तीन धाग्यांचं काम हाय बे," ते मला म्हणाले, "फक्त सूत उजेडाचं हाय."

पोरगा हसला तर अप्पा त्याला सोडत नाहीत. फ्रान्सातल्या जाकार्डने १८०४ च्या सुमारास माग काढला, नक्षी भोकं पाडलेल्या पत्त्यांवर लिहिली. कुठं भोक, तिथं धागा वर. इंग्लंडातल्या बॅबेजने आपल्या गणितयंत्रासाठी तेच पत्ते उचलले, आणि पुढे कॉम्प्युटरवाल्यांनीही कितीतरी वर्षं पत्त्यांवरच काम भागवलं. सोलापुरी चादरीवरची नक्षी त्याच जाकार्डची. इथवर सगळं खरं आहे. यानंतरचा, "म्हणजे कॉम्प्युटर हा चादरीचा चुलतभाऊ झाला, तर भावात सोलापूरवाल्याला काहीतरी सूट पाहिजे का नको?" हा भाग अप्पांचा स्वतःचा.

चादर-टॉवेल कळणारी माणसं सोलापुरात पैशाला पासरी. पण न घेणारे जाणकार ही एक वेगळी जात आहे. ती गावोगावी असते; कुणी जमिनीच्या व्यवहारात असतो, कुणी मुलींच्या स्थळांत. आमच्या जुळे सोलापुरात ती टॅबलेटच्या रूपाने नांदते आहे. गेली पंधरा वर्षं अप्पा टॅबलेट घेत आहेत. आणि या पंधरा वर्षांत त्यांची मागणी एका शब्दानेही बदललेली नाही. "मला काय गेम खेळायचेत? का शिनेमे जोडायचेत? नेटपुरता पाहिजे."

या 'पुरता'ने मराठी माणसाचं जेवढं नुकसान केलं तेवढं दुष्काळानेही केलं नसेल. पाहुण्यांपुरतं दूध, लग्नापुरतं कर्ज, राहण्यापुरतं घर. ज्या वस्तूला हा शब्द लागतो ती पुरत नाही, हे ठरलेलं. अप्पांचं नेट म्हणजे काय, तर सकाळी तीन पेपर, त्यातला एक कन्नड, हवामान, सिद्धेश्वर एक्सप्रेसचं तिकीट, पुण्याच्या नातवाचं तोंड, उजनीत पाणी किती टक्के, आणि दुपारी 'दहा हजारांतले उत्तम टॅबलेट' या विषयावरचे व्हिडिओ. हे सगळं ते सध्या साडेपाच इंची फोनवर करतात. त्याच्या काचेला उजव्या कोपऱ्यात तडा आहे, त्यामुळे किमतीचा शेवटचा आकडा दिसत नाही. सगळं स्वस्त वाटतं.

गंमत म्हणजे विषय त्यांना खरोखर कळतो. नेटपुरत्याला कमी ताकद लागते, हा समज ते दोन मिनिटांत खोडून काढतात. पेपरचं एक पान उघडलं तर बातमी असते चार ओळींची, आणि तिच्याभोवती जाहिराती, हलती चित्रं, मागून पाळत ठेवणारे प्रोग्रॅम अशी वरात. अशी पाच-सहा पानं एकदम उघडी ठेवली की रॅम कमी असलेला टॅबलेट मागचं पान विसरतो. परत गेलं की पुन्हा पहिल्यापासून लोड. "जावयासारखं," अप्पा म्हणतात, "दर खेपेला नव्यानं विचारतो, तुमचं कसं काय." म्हणून चार जीबी हवीच, सहा असली तर बरी. आणि अपडेट किती वर्षं मिळणार ते आधी विचारा. बॉडी पंधरा वर्षं टिकेल, पण आतली यंत्रणा जुनी झाली की बँकेची साइट दार उघडत नाही.

आकाराबाबत त्यांचं वर्गीकरण मी अजून कुठल्या मासिकात वाचलेलं नाही. सोळास दहा या प्रमाणाचा लांबुडका टॅबलेट म्हणजे पंचा. आडवा धरला तर सिनेमाला छान, उभा धरून पेपर वाचला तर कॉलम अंग चोरून बसतो. चारास तीन म्हणजे चादर. वाचायला चादर, बघायला पंचा. यावर वाद घालायला गेलेले दोन इंजिनिअर मी परत येताना पाहिले आहेत.

मग घेतला का नाही? त्याला इतिहास आहे.

२७ जानेवारी २०१० ला स्टीव्ह जॉब्जने पहिला आयपॅड दाखवला. अप्पा तेव्हा नोकरीत होते, हातात पैसे होते. पण त्यात फ्लॅश चालत नव्हतं, आणि त्या काळात नेटवरचे बहुतेक व्हिडिओ फ्लॅशवर. "ज्याच्यावर निम्मं नेट दिसत न्हाई तो नेटपुरता कसा?" तीन महिन्यांनी जॉब्जने फ्लॅश का नको यावर लांबलचक पत्रच छापलं. अप्पांनी ठरवलं, दोघांपैकी एकजण नमेपर्यंत थांबायचं. थांबले. २०२० च्या डिसेंबरअखेर ॲडोबीने स्वतःच फ्लॅश बंद केलं. त्या दिवशी अप्पा विजयी मुद्रेने माझ्याकडे आले. "बघ. घाई केली असती तर?" घाई केली असती तर दहा वर्षं टॅबलेट वापरून झाला असता, हे माझ्या ओठांवर आलं होतं. पण माणूस इतका खुश होता की मी चहा टाकायला सांगितलं.

मध्ये 'आकाश' येऊन गेला. ५ ऑक्टोबर २०११ ला दिल्लीत कपिल सिब्बल यांनी विद्यार्थ्यांसाठीचा तो स्वस्त टॅबलेट जाहीर केला. सात इंच पडदा, आडवे आठशे ठिपके, उभे चारशे ऐंशी. अप्पांनी वहीच्या मागच्या पानावर पायथागोरस मांडला आणि उत्तर आलं इंचाला १३३. आयपॅडचे होते १३२. त्या रात्री त्यांनी काकूंना झोपेतून उठवून सांगितलं, "आपण अमेरिकेला एका पिकानं हाणलं." काकू म्हणाल्या, "मग आता झोपा." पुढे आकाशची रॅम २५६ एमबी आणि पडदा बोटाने नीट दाबावा लागणारा निघाला, तो भाग वेगळा. मार्च २०१२ मध्ये नवा आयपॅड आला, इंचाला २६४ घेऊन. बरोब्बर दुप्पट. अप्पा दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. चांगला माल बघितल्यावर चेकर जसा गप्प होतो, तसे.

२०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, आणि नवा पेच पडला: सिमवाला घ्यायचा की नुसता वायफायवाला? घरात नेट असताना सिमला दोन-चार हजार जास्त का मोजायचे. फोनच्या हॉटस्पॉटवर भागतं. पण हॉटस्पॉटने फोनची बॅटरी उतरते. आणि आमच्याकडे लाईट गेली की राउटरही जातो. या प्रश्नावर अप्पांनी चार उन्हाळे घालवले.

परीक्षा त्यांच्या स्वतःच्या आहेत. पहिली उन्हाची. मे महिन्यात, पारा त्रेचाळिसाच्या पुढे असताना, ते दुकानातला नमुना घेऊन बाहेर फुटपाथवर जातात. मागे पोरगा असतोच. अडीचशे-तीनशे निट्स उजेडाचा पडदा सोलापूरच्या उन्हात साफ विझतो, नुसता आरसा होतो. अप्पा त्यात बघून केस सारखे करतात आणि आत येऊन म्हणतात, "कटिंगच्या दुकानात चालेल." दुसरी परीक्षा वजनाची. पलंगावर उताणं पडून हातात धरल्यावर डुलकी लागली आणि वस्तू नाकावर पडली, तर काय होईल? पहिला आयपॅड ६८० ग्रॅम होता. अप्पा मनातल्या मनात वजनं टॉवेलांत करतात, म्हणाले, "दीड टॉवेल. नाक जाईल."

तिसरी परीक्षा फक्त घरी, ओळखीच्या माणसाच्या टॅबलेटवर. कडक भाकरी मोडायची, शेंगाचटणीत दही कालवायचं, दोन घास खायचे आणि त्याच हाताने पडद्यावरून बोट फिरवायचं. तेलकट बोट ओळखतो का बघायला. आमच्या गल्लीत आता कुणी अप्पांना जेवायला बोलावलं की टॅबलेट आधी कपाटात जातो.

टाळेबंदीच्या वर्षात मात्र या माणसाने खरं काम केलं. शाळा मोबाईलवर आलेल्या, दुकानं अर्धी बंद, प्रत्येक घरात दोन पोरं आणि एक फोन. लोक रात्री-अपरात्री अप्पांना फोन करायचे. ते कधीही आधी भाव विचारत नसत. पोरगं कितवीत? घरात वायफाय हाय का? चष्मा हाय का? आजोबा पण वापरणार का? मग एकच नाव सांगायचे आणि वर बजावायचे की कव्हर आधी घ्या, टॅबलेट मागनं. पूर्व भागातल्या एका यंत्रमागवाल्याशी ते अर्धा तास तेलुगूत बोलत होते, त्याच्या दोन मुलींत एक टॅबलेट कसा वाटायचा यावर. त्यांच्या सांगण्यावरून घेतलेले टॅबलेट आज सात घरांत आहेत आणि सातही चालू आहेत. नवी पेठेतला दुकानदार काही आंधळा नव्हे. गेल्या दिवाळीत त्याने एक बंद खोकं अप्पांसमोर ठेवलं. "अप्पा, मालक, घेऊन जावा. पैशाचं नाव काढू नका. तुमच्यामुळं गिऱ्हाईक येतंय."

अप्पा गहिवरले. मी स्वतः पाहिलं, डोळ्यांत पाणी होतं. ते त्यांनी उपरण्याने टिपलं, चष्मा लावला, खोकं उलटं केलं आणि मागचं बारीक वाचायला घेतलं. बराच वेळ गेला. मग खोकं हळूच काउंटरवर सरकवलं.

"ह्याच्यात दहा वॉटचा चार्जर हाय की बे," ते म्हणाले. "राहू दे. पुढचं येऊ दे."

घरी आल्यावर काकू एवढंच म्हणाल्या, "मला बघायला आले तवा चार्जर विचारला नाही, ते नशीब." नंतर मला दारापर्यंत सोडायला येताना हळू आवाजात सांगितलं, की मला बघायला सुद्धा तीनदा आले होते.

आठवं घर माझं. फेब्रुवारीत मी अप्पांच्या सल्ल्याने घेतला: अकरा इंच, पंचा जातीचा, आठ जीबी, सिमशिवाय. खोकं त्यांनीच फोडलं. काच भिंगाखाली घातली, चारही कोपरे मोजले. मग म्हणाले, "बॅटरीचं खरं-खोटं आठ दिवस वापरल्याशिवाय कळत न्हाई. तू कामात असतोस. माझ्याकडं ठेव, निरीक्षण करतो." मला ते पटलं. नव्या टॉवेलालासुद्धा पहिल्या दोन धुण्यांनंतरच पाणी टिपायची समज येते, असं ते नेहमी सांगतात.

गेल्या रविवारी मी मागायला गेलो. सहा महिने झाले होते. अप्पा झोपाळ्यावर, टॅबलेट मांडीवर उभा, खाली घडी घातलेला टॉवेल. पडद्यावर दोन नवे टॅबलेट शेजारी शेजारी, मध्ये आकड्यांचा रकाना. अप्पांचं बोट सराईतासारखं वर-खाली फिरत होतं. काच लख्ख होती. शेंगाचटणीचा डाग कुठंही नव्हता.

"ये, ये. बरं झालं आलास," ते म्हणाले. "तुझ्याबद्दलच बघलालो. हा तुझा फसला बे. नवा आलाय त्याच्यात पडदा एकशेवीस हर्ट्झचा, आणि भाव तोच. हा विकून टाक."

"बरं, द्या मग," मी हात पुढे केला. "दुकानात दाखवून येतो."

अप्पांनी टॅबलेट दोन्ही हातांनी धरला.

"आता कुठं निघालास? आठ दिवस थांब," ते म्हणाले. "सेल लागलालाय."