जुना अ‍ॅम्प्लिफायर काढावा की ठेवावा : नवशिक्यांसाठी सोपी मार्गदर्शिका

ज्यांच्या हॉलमध्ये टीव्हीखाली होम थिएटरचा दहा-बारा वर्षांपूर्वीचा, काळा, जड आणि पाठीला असंख्य भोकं असलेला डबा आहे, आणि दसरा जवळ आला की ज्यांना तो अचानक फार जुना वाटू लागतो, त्यांच्यासाठी ही मार्गदर्शिका आहे. दुकानात या डब्याला एव्ही रिसीव्हर म्हणतात. घरात, विशेषतः त्यावरची धूळ पुसणारी व्यक्ती, त्याला ‘ते धूड’ म्हणते.

लागणारं साहित्य

एक टॉर्च. टीव्हीचा रिमोट. रिसीव्हरचा रिमोट (सोफ्याच्या फटीत बघावा). रिसीव्हरसोबत आलेला, आवाजाची मापं घेणारा छोटा मायक्रोफोन (सापडणार नाही, तरी शोधावा). आणि आवाजाच्या दर्जाशी ज्याला काहीही देणंघेणं नाही असा घरातला एक माणूस. हा शेवटचा घटक सर्वांत उपयोगी आहे. त्याला कुठेही पाठवू नका.

पायरी १ : निर्णय आधीच झालाय का, ते तपासा

नव्या मॉडेलची किंमत तुम्हाला तोंडपाठ आहे का? टीव्ही युनिटचा खण टेपने मोजून झालाय का? लॅमिंग्टन रोडला किंवा तपकीर गल्लीत ‘एका वायरसाठी’ जाऊन आलात का? तिन्हींचं उत्तर हो असेल तर निर्णय झालेला आहे, आता फक्त कारणं गोळा करायची आहेत. घाई असल्यास थेट पायरी ९ वर जावं. बाकीच्यांनी क्रमाने यावं.

पायरी २ : डबा एक, यंत्रं दोन

रिसीव्हरमध्ये दोन वेगवेगळी यंत्रं नांदत असतात. एकीकडे ट्रान्सफॉर्मर, जाडजूड कपॅसिटर आणि अ‍ॅल्युमिनियमचा हीटसिंक : हा खरा अ‍ॅम्प्लिफायर. दुसरीकडे एक पातळ सर्किट बोर्ड, त्यावर एचडीएमआयची भोकं आणि डॉल्बी, डीटीएस वगैरे उलगडणारी चिप : हा छोटा संगणक. एकत्र कुटुंबातले आजोबा आणि नातू समजा. आजोबांना वीस-वीस वर्षं काही होत नाही, डोक्यावर हवा खेळती राहिली की झालं. नातवाला मात्र दर पाच-सहा वर्षांनी काहीतरी नवं लागतं आणि ते नाही मिळालं तर सगळ्या घराचा मूड जातो.

म्हणून ‘रिसीव्हर जुना झाला’ असं वाटलं की पहिला प्रश्न विचारायचा : दोघांपैकी कोण? दुकानात हा प्रश्न कुणी विचारत नाही, कारण तिथे दोघं जोडीनेच विकले जातात.

पायरी ३ : आजारी आहे की नुसताच म्हातारा?

चालू करताच ‘टक्’ आवाज होऊन बंद पडतो आणि दिवा लुकलुकत राहतो : याला प्रोटेक्शन म्हणतात. घाबरू नका. टॉर्च घ्या, प्लग काढा आणि पाठीमागे बघा. लाल आणि काळ्या टर्मिनलच्या मध्ये स्पीकरच्या वायरीतली केसाएवढी एक तांब्याची तार सुटून शेजाऱ्याला टेकलेली असते. दिवाळीच्या साफसफाईत टीव्ही युनिट ओढलं गेलं होतं का, ते आठवून बघा. तार पिळून नीट आत घाला. नवा रिसीव्हर घेण्याचं एक भक्कम कारण इथे संपतं, त्याबद्दल क्षमस्व.

अर्ध्या सिनेमानंतर बंद पडतो : वर काय ठेवलंय ते बघा. क्रोशाचा रुमाल, त्यावर सेट टॉप बॉक्स, त्यावर फुलदाणी. झाकणाला जाळी असते ती उष्णता बाहेर जावी म्हणून. रुमालावरची कलाकुसर कितीही सुंदर असली तरी तो काढावा लागेल. कोण काढणार, हा या मार्गदर्शिकेचा विषय नाही.

एका बाजूचा आवाज जातो, आणि व्हॉल्यूम मोठा केला की परत येतो : आतल्या रिलेचे कॉन्टॅक्ट काळे पडलेत. व्हॉल्यूमचं बटण फिरवताना खरखर येते : तिथे धूळ आणि गंज. दोन्ही कामं चांगला कारागीर करून देतो. कोरडे पडलेले कपॅसिटरही बदलता येतात. एचडीएमआयचा बोर्ड गेला तर मात्र जुन्या मॉडेलचा मिळणं कठीण.

इशारा : झाकण स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये वीज साठलेली राहते. यूट्यूबवरचा माणूस ते करतो, कारण तो तुमच्या घरचा कर्ता नसतो.

पायरी ४ : ‘काय म्हणाला तो?’

रिसीव्हर बदलण्यामागचं सर्वांत मोठं कौटुंबिक कारण हेच. नायक कुजबुजतो ते कुणालाच कळत नाही, मग स्फोट होतो तो खालच्या मजल्यालाही कळतो. साहित्यातला तो उदासीन माणूस इथे कामाला येतो. त्याला फक्त गोष्ट समजून घ्यायची असते.

आधी सेंटर स्पीकर शोधा. ५.१ मध्ये, म्हणजे पाच स्पीकर आणि एक वूफर अशा मांडणीत, बहुतेक संवाद याच एका स्पीकरमधून येतात. तो युनिटच्या खणात, आत सरकवलेला, पुढे सत्यनारायणाच्या पूजेचा फोटो आणि एक ट्रॉफी, अशा अवस्थेत सापडेल. त्याला पुढच्या कडेवर आणा. मग मागचे दोन सराउंड स्पीकर शोधा. रंगकामाच्या वेळी काढलेले ते शोकेसमध्ये शेजारी शेजारी बसलेले असतील, किंवा एकावर मनी प्लांट असेल. त्यांना बसणाऱ्याच्या दोन बाजूंना, जरा मागे, कानाच्या थोडं वर लावायचं असतं.

आता टीव्हीच्या सेटिंगमध्ये जा. डिजिटल ऑडिओ आउटपुटसमोर ‘पीसीएम’ लिहिलं असेल, तर ऑप्टिकल केबलमधून तुमच्या पाच स्पीकरांच्या यंत्राला वर्षानुवर्षं फक्त दोन चॅनेलचा स्टिरिओ मिळतोय. तिथे ‘बिटस्ट्रीम’ किंवा ‘डॉल्बी डिजिटल’ करा. रिसीव्हरमध्ये सेंटरची पातळी दोन-तीन डेसिबल वाढवा आणि रात्रीसाठी डायनॅमिक रेंज कमी करणारा नाइट मोड लावा. स्पीकर लहान असतील तर सेटिंगमध्ये त्यांना ‘स्मॉल’ करा आणि क्रॉसओव्हर ८० हर्ट्झवर ठेवा, म्हणजे त्याखालचा घुमारा वूफर सांभाळेल. स्वतःच्या स्पीकरना ‘स्मॉल’ म्हणायला अनेकांची जीभ रेटत नाही; मन घट्ट करावं.

एवढं झाल्यावर त्या उदासीन माणसाला विचारा. तो ‘आता बरं ऐकू येतंय’ म्हणाला, तर लाखभराचा प्रश्न सुटलाय. तुम्हाला आनंद झाला नाही, तर पायरी १ पुन्हा वाचा.

पायरी ५ : भोकांचा इतिहास

आता नातवाकडे वळू. एचडीएमआय १.४ आलं २००९ साली. त्यात एआरसी होतं, म्हणजे टीव्हीचा आवाज त्याच केबलमधून उलटा रिसीव्हरकडे नेण्याची सोय. ४के चित्र मात्र सेकंदाला फार तर ३० फ्रेम. २०१३ च्या २.० मध्ये ६० फ्रेम झाल्या. २०१७ च्या २.१ मध्ये १२० फ्रेम, ८के आणि ईएआरसी. मधल्या काळात एचडीसीपी २.२ ही नक्कल रोखणारी यंत्रणा आली. ती नसलेला रिसीव्हर ४के स्ट्रीमिंग स्टिक आणि टीव्हीच्या मध्ये बसला, की पडदा काळा पडतो, नाहीतर चित्र गुपचूप फुल एचडीवर उतरतं.

इथे विक्रेता मान हलवत म्हणेल, ‘साहेब, तुमचा रिसीव्हर ४के पास करत नाही.’ खरं आहे. पण त्याने ते पास करावं असा आग्रह कोणाचा? स्टिक थेट टीव्हीत लावा. तिथून आवाज एआरसीने किंवा ऑप्टिकलने रिसीव्हरला द्या. चित्र टीव्हीकडे, आवाज आजोबांकडे. आवाज ओठांच्या पुढेमागे होत असेल तर लिप सिंकचं सेटिंग सरकवा. खर्च एका केबलचा.

‘पण ईएआरसी?’ ओटीटीवरचा अ‍ॅटमॉस डॉल्बी डिजिटल प्लसमधून येतो आणि तो साध्या एआरसीतूनही जातो. ईएआरसीची खरी गरज पडते ब्लू-रे डिस्कवरचा डॉल्बी ट्रूएचडीसारखा काहीही न गाळलेला आवाज टीव्हीमार्गे आणायचा असेल तेव्हा. घरात ४के ब्लू-रे डिस्क किती आहेत ते मोजा. मोजायला उठावं लागलं नाही, तर पुढे चला.

पायरी ६ : वॉट

नव्वदच्या दशकात म्युझिक सिस्टीमवर हजारो वॉट पीएमपीओ असं छापलेलं असे, आणि प्रत्यक्षात ती सिस्टीम टेबल पंख्याइतकी वीज खात असे. आता पीएमपीओ गेलं, वृत्ती राहिली. खोक्यावर ‘१५० वॉट’ दिसलं तर बारीक अक्षरं वाचा : एकच चॅनेल चालू, ६ ओहम, १ किलोहर्ट्झ, १० टक्के विकृती. सगळे चॅनेल एकदम चालू ठेवले तर आकडा बराच खाली येतो.

शिवाय गणित असं, की वॉट दुप्पट केले तर आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल. ८० वॉटचा काढून १०० वॉटचा आणलात, तर मिळकत जेमतेम १ डेसिबल. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॉट. नेहमीचा ८८ डेसिबल संवेदनक्षमतेचा स्पीकर १ वॉटमध्ये एक मीटरवर ८८ डेसिबल देतो. त्यामुळे मध्यम आकाराच्या हॉलमध्ये आपण बहुतेक वेळ एक-दोन वॉटच वापरत असतो. बाकीचे स्फोटांसाठी राखीव.

आणि स्फोट तरी किती? चित्रपटगृहाची मापं प्रत्येक स्पीकरला सरासरी ८५ आणि कमाल १०५ डेसिबल अशी धरलेली असतात. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० नंतर ४५ डेसिबल. या दोन आकड्यांच्या मध्ये जी जागा उरते, तिला सोसायटीचा सेक्रेटरी म्हणतात.

वॉटपेक्षा खात्रीचं माप हवं असेल तर डबा उचलून बघा. वजन मुख्यतः ट्रान्सफॉर्मर आणि हीटसिंकचं असतं आणि ताकद तिथूनच येते. जुना डबा नव्यापेक्षा जड लागला, तर भंगारवाल्याचा काटा माहितीपत्रकापेक्षा प्रामाणिक आहे असं समजा.

पायरी ७ : छतातून पाऊस

डॉल्बी अ‍ॅटमॉस चित्रपटगृहांत आलं २०१२ साली, घरी २०१४ मध्ये. दुकानातल्या डेमो खोलीत तुम्हाला डोक्यावरून जाणारं हेलिकॉप्टर आणि मागोमाग पाऊस ऐकवतील. दोन्ही खरोखर सुंदर असतात. पण तो पाऊस छतातल्या स्पीकरमधून पडतो, रिसीव्हरमधून नाही. घरी छतात स्पीकर म्हणजे पीओपी फोडणं, वायर ओढणं, पुन्हा रंग. छताकडे तोंड करून ठेवायचे स्पीकरही मिळतात; सपाट, कडक स्लॅबवरून आवाज परावर्तित होऊन खाली येतो, उतरत्या कौलांवरून नाही. हे काहीच करणार नसाल, तर अ‍ॅटमॉसचा रिसीव्हर घेऊन मिळेल ते अ‍ॅटमॉसचं चिन्ह, पुढच्या पट्टीवर, निळ्या अक्षरांत.

पायरी ८ : न्यू जर्सीचा भाचा

‘मामा, इकडे सेलमध्ये अर्ध्या किमतीत आहे, येताना आणतो.’ प्रेम समजून घ्यावं आणि पाठीमागची पट्टी वाचायला सांगावी. तिथे नुसतं ‘१२० व्होल्ट’ असेल तर आपल्या २३० मध्ये लावल्यावर आवाज एकदाच येतो. पुरेशा क्षमतेचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागेल, म्हणजे एका धुडासोबत दुसरं. वॉरंटीही तिकडेच राहील. भाच्याला बदाम आणायला सांगा.

पायरी ९ : निर्णय

नवा घेण्याची खरी कारणं तीन.

एक : अ‍ॅम्प्लिफायरच गेलाय आणि दुरुस्तीचा आकडा नव्याच्या तिसऱ्या हिश्शावर जातोय.

दोन : छतात वायर आधीच ओढलेली आहे, किंवा घरात डिस्क, गेम कन्सोल आणि खरोखरची गरज आहे; ‘पुढेमागे लागेल’ ही गरज नव्हे. पुढेमागे लागेल तेव्हा भोकं पुन्हा बदललेली असतील.

तिसऱ्या कारणाआधी जुन्याची सोय : तो चालू असेल तर बेडरूममध्ये दोन स्पीकरांवर गाणी छान वाजवेल. पाठीला ‘फोनो’ लिहिलेलं असेल तर रेकॉर्ड प्लेयरसाठी तो सोन्यासारखा. मेलेला असेल तर नोंदणीकृत ई-कचरा केंद्रात द्या. २०२२ चे ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत.

तीन : हवाय. पायरी १ वरून थेट इथे आलेल्यांचं हेच कारण आहे, आणि ते पूर्णपणे वैध आहे. बारा वर्षं नियमाने हप्ते भरलेल्या माणसाला एक चकचकीत डबा हवासा वाटू शकतो. फक्त घरी सांगताना ईएआरसी, एचडीसीपी आणि ‘आईला संवाद ऐकू येत नाहीत’ यांना मध्ये आणू नका. आईला पायरी ४ नंतर सगळं ऐकू येतंय. जेवताना, सगळे बसलेले असताना, ‘जुना चांगला आहे, तरी मला नवा हवाय’ एवढं एक वाक्य म्हणून बघा. म्हणता आलं तर दसऱ्याला घेऊन या. घशातच अडकलं, तर पैसे बँकेत राहू द्या आणि रुमाल तेवढा काढा.